बकेटखालचं स्टूल

दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी ट्रॅक्टरच्या पुढच्या बुटक्या लोडरची उचललेली बकेट, लिव्हरला कुणी हात न लावता, चार बोटं खाली आली. खाली स्टुलावर, डोक्यावर जेमतेम वीतभर जागा सोडून, मिस्त्री बसले होते.

त्यांची मुलगी समोर उभी होती. ट्रॅक्टर मालकाच्या वडिलांच्या वेळचा, आणि लोडर उचलणारे त्याचे दोन्ही हायड्रॉलिक सिलिंडर इतके गळायचे की मालक रोज डबाभर तेल ओतून कंटाळला होता. ते सिलिंडर तिनं एकटीनं बांधले होते. नळ्या उघडल्या, रॉडवरचा गंज घासला, कडक झालेली जुनी सील खरवडून काढली, नवी बसवली. बाबांनी फक्त आतून बोट फिरवून पाहिलं होतं. तिच्या हातचं हे पहिलं पूर्ण काम.

मिस्त्रींची पद्धत ठरलेली. सिलिंडर बांधून झाले की बकेटमध्ये चारेकशे किलो भंगार भरायचं, पूर्ण वर न्यायची, इंजिन बंद करायचं आणि अर्धा तास स्वतः खाली बसायचं. गिऱ्हाइकासमोर. "कागदावरची गॅरंटी कोण वाचतंय? त्यापेक्षा माझं टाळकं बघा," असं म्हणायचे. बत्तीस वर्षांत ते एकदाही मध्ये उठले नव्हते. या एका गोष्टीवरून तिच्या आईनं त्यांच्याशी दोनदा अबोला धरला होता.

"बाबा, उठा."

"किती झाली?"

"वीस मिनिटं. बकेट खाली आलीय."

"नवी सील आहेत. थोडं मागेपुढे व्हायचंच."

"चार बोटं?"

मिस्त्रींनी टायरला टेकून उभ्या असलेल्या मालकाकडे पाहिलं. "बघा, बापाची केवढी काळजी! सकाळी हिनंच माझ्या चहातली साखर बंद केली."

मालक हसला नाही. मुलीला मात्र बाबांचा हट्ट लख्ख कळला. ते उठले की तिचं पहिलं काम गिऱ्हाइकासमोर नापास. तिच्यासाठी बसले होते ते. तिला राग आला.

ती वाकली. या जुन्या सिलिंडरांना तेल फक्त खालून मिळायचं. वरच्या टोकाला हवेसाठी बारीकसं भोक. सील फसलं की तेल त्या भोकातून बाहेर येणार. तिनं डावीकडच्या भोकावर बोट फिरवलं. कोरडं. उजवीकडेही कोरडं. रॉड कोरडे, पाइपांचे सांधे कोरडे. मग तेल जात होतं कुठे? एकच वाट उरली होती, लिव्हरखालच्या व्हॉल्व्हमधून परत टाकीत. त्या व्हॉल्व्हला दोघांनीही हात लावला नव्हता. सिलिंडर एवढे भळाभळा गळत असताना त्याची गळती कुणाच्या लक्षात येणार?

"बाबा, सील धरतायत. व्हॉल्व्ह गेलाय."

मिस्त्रींचा चेहरा उजळला. "म्हणजे तुझं काम चोख आहे."

"आहे. आता तरी उठा."

त्यांनी गुडघ्यांवर हात टेकले, अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. "थांब जरा. खुबा धरलाय."

तेवढ्यात मालकाचा धीर सुटला. "ताई, मीच वर घेतो!" म्हणत तो सीटवर चढला.

"काका, हात लावू नका!"

उशीर झाला होता. इंजिन बंद, म्हणजे पंप बंद. वर ढकलायला जोर नाही. लिव्हर ओढल्यावर फक्त तेलाला परतीची वाट मोकळी झाली. बकेट सरकन दोन वीत खाली आली. मालकानं चटका बसावा तसा हात काढला, तेव्हा थांबली.

मिस्त्रींची मान वाकून हनुवटी छातीला लागली होती. बकेटचा तळ त्यांच्या पाठीवर होता.

"बाबा! लागलं?"

"टोपी गेली," आतून आवाज आला. "बाकी आहे जागच्या जागी."

बकेट वर न्यायची तर इंजिन हवं, आणि ते हँडल मारूनच सुरू व्हायचं. हँडलची जागा ट्रॅक्टरच्या तोंडाशी, नेमकी मिस्त्रींच्या पाठीमागे; तिथे ते फिरवायला जागाच उरली नव्हती. रॉडला अडसर म्हणून लावायचं लोखंडी चॅनल तिनं भिंतीकडून ओढत आणलं. ते पूर्ण बाहेर आलेल्या रॉडच्या मापाचं होतं. आता रॉड आत गेला होता; चॅनल बसेना. मिस्त्रींनी परीक्षेच्या वेळी ते कधी लावलंच नव्हतं. टेकू दिला तर परीक्षा कसली, हे त्यांचं म्हणणं.

"ठोकळे," ती म्हणाली. "बकेटखाली दोन्ही बाजूंना रचायचे. चला."

"माझंच चुकलं हो, मिस्त्री," मालक सीटवरून खाली उतरत म्हणाला.

"माफी नंतर मागा. आधी ठोकळा आणा," मिस्त्री म्हणाले.

तिसऱ्या थरावर चौथा ठोकळा मावेना. तिनं वर एकेक फळी सरकवली. उजवीकडे दोन बोटं फट राहिली, डावीकडे तीन. बकेट अजून कणाकणानं उतरतच होती. मग ती हातोडा घेऊन पोटावर झोपली. स्टूल उडवलं की बाबा खाली जमिनीवर येणार, मग ओढून काढता येणार.

"मारू?"

"मार. नडगी सोडून कुठेही मार."

पहिल्या घावानं काहीच झालं नाही. स्टूल लोखंडाचं होतं, आणि वेल्डिंग मिस्त्रींच्याच हातचं. दुसऱ्या घावाला ते तिरपं झालं. तिसऱ्याला मिस्त्री कुशीवर घसरले, आणि ओरडले.

चार वाजून दोन मिनिटांनी बकेट उजवीकडे फळीवर टेकली होती. डावीकडे बोटभर फट बाकी होती. मिस्त्रींचं डोकं, छाती आणि डावा पाय बाहेर आले होते. उजवा पाय आडव्या स्टुलाच्या दांड्यांमध्ये अडकला होता. मुलीचे दोन्ही हात त्यांच्या काखेत होते. मालक आणखी एक ठोकळा घेऊन येत होता. उजवीकडच्या फळीला मधोमध चीर गेली होती.