दोनदा फवारलेला मळा

माझा लेक क्वांगयुन आणि सून शियूलान गेल्या वसंतापासून एकमेकांशी बोलत नव्हते. तिला ग्वांगतोंगच्या बुटांच्या कारखान्यात परत जायचं होतं. तो म्हणायचा, टेकडीवरच्या मळ्यातली काटेगुलाबाची फळं आपल्याला पोसतील. शेवटी एवढं ठरलं, की या हंगामात फळ चांगलं आलं तर ती राहील, नाहीतर जाईल. तोवर मी आपली निरोप्या. "आई, तुमच्या लेकाला सांगा, भात झालाय." आणि लेक तिथंच चुलीपाशी बसलेला!

फुलं उमलली की आमच्याकडे वाढीचं औषध फवारतात. एरवी फळ वाढतं ते आतल्या बियांच्या सांगण्यावरून. औषध तेच सांगणं बाहेरून सांगतं, आणि फळ बिनबियांचं मोठं होतं. बिया कोरून कोरून माझी बोटं वाकडी झाली, त्यामुळे मला तरी या फसवणुकीचा राग नाही. फक्त मात्रा सांभाळावी लागते.

तोडणीला रसाच्या कारखान्याचा माणूस आला. फळं लांबोडी, फुगलेली. त्यानं एक चिरलं, तर आत पोकळ. चावलं आणि थुंकून टाकलं.

"आजी, ना आंबट ना तुरट. पाणी पिकवलंत की काय? औषध दोनदा मारलंय यावर."

"एकदाच!" क्वांगयुन उसळला. "ही बाजाराला गेली होती त्या दिवशी, मी स्वतः मारलंय."

शियूलानचा चेहरा पडला. "आई, मला वाटलं, यांच्या लक्षातच नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मी मारलं."

कारखान्याचा माणूस रिकामी गाडी घेऊन गेला. दोघांना धरून बदडावं, इतका मला संताप आला. अख्ख्या वर्षाचं पीक मातीत! मग मनात आलं, जिला जायचंय ती पाठीवर पंप घेऊन पहाटे टेकडी कशाला चढेल? हातावर हात ठेवून बसली असती, तरी वाट मोकळी होती तिची. मला एकदम भरून आलं.

क्वांगयुन खाली बघत म्हणाला, "आई, ठरलं ते ठरलं. तिला विचार, तिकीट कधीचं काढू?"

शियूलान माझ्याकडे वळलीच नाही. सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"पुढच्या वर्षी औषध मी मारणार," ती म्हणाली. "तुम्ही पंपाला हात लावायचा नाही."