मामांचा ताप

डुकराच्या नाकातून नमुना घ्यायचा तर दोन माणसं लागतात. एकानं दोरीच्या फासात तोंड धरायचं, दुसऱ्यानं कापसाची काडी आत फिरवायची. त्या सकाळी धाकटा भाऊ धरत होता आणि ताई काडी फिरवत होती. डुकरांनी असा काही गोंधळ घातला होता की बाहेर गाडी येऊन थांबल्याचं दोघांनाही कळलं नाही. कळलं तेव्हा फार्मच्या फाटकाला कुलूप लागलं होतं, आणि पलीकडे मास्क लावलेली सरकारी माणसं तारेला फलक बांधत होती.

ताई विषाणूंच्या प्रयोगशाळेत संशोधक होती. जनावरांचे आजार माणसांत कसे येतात, यावर तिनं उमेदीची सगळी वर्षं घालवलेली. भावाच्या डुकरांना खाद्य घालणारे मामा तापानं फणफणून इस्पितळात दाखल झाले आणि त्यांचा नमुना नेमका तिच्याच टेबलावर आला. (हे मामा नात्यानं कोणाचेच नव्हते, पण सगळेच त्यांना मामा म्हणत.) निदान फ्लूचं. माणूस डुकरांत राबणारा, म्हणजे डुकरं तपासणं आलंच. दुसऱ्या कोणाला भाऊ दारात उभं करणार नाही हे ओळखून ती स्वतःच आली होती. निघताना साहेबांच्या कानावर घातलं होतं, एवढंच.

"तूच आणलंस ना यांना?" भाऊ म्हणाला.

"आणलं असतं तर स्वतः आत अडकले असते का रे?"

त्यानं हातातला फास भिंतीवर टांगला आणि निघून गेला.

तिनं साहेबांना फोन लावला. "निकाल लागेपर्यंत आत गेलेला माणूस बाहेर येणार नाही," साहेब म्हणाले. "तूही नाही. नियम करणाऱ्या समितीत तूच होतीस, विसरलीस का?"

विसरली नव्हती. तो नियम करताना खोलीत पंखा होता, चहा होता आणि कोणाचाच भाऊ नव्हता.

नमुन्यांचा डबा फाटकावरून पलीकडे गेला, आणि ती मागे राहिली. घर दोन खोल्यांचं, म्हणून खाद्याच्या गोण्या ठेवायच्या खोलीत तिची गादी पडली. कोंड्याची धूळ नाकातोंडात जायची. खिडकीच्या जाळीतून एका बाजूला शेड दिसायची, दुसऱ्या बाजूला खुर्चीत पेंगणारा पहारेकरी. वहिनी ताट उंबऱ्यावर आदळून जायची. भाऊ दिवसभर शेडमध्ये. ताईला वाटायचं, चारी बाजूंनी कोणीतरी भिंती आत ढकलतंय.

मग एका दुपारी वहिनीच तिच्या दाराशी आली. पदराचं टोक पिळत म्हणाली, "ताई, यांना ताप आहे. सांगू नकोस म्हणून शपथ घातलीय मला."

भाऊ पलंगावर बसला होता. डोळे लाल, आणि खोकला उशीत दाबलेला. ताईच्या हातातली काडी बघून तो भिंतीला सरकला.

"माझा नमुना गेला की मला उचलून नेतील," तो म्हणाला. "आणि मी नसताना जनावरांना मारतील. तू मला बघितलंच नाहीस म्हण ना, ताई. आजवर काही मागितलं का तुझ्याकडे?"

खरंच मागितलं नव्हतं. ताईचा हात उचलेना. नमुना घेतला तर तो जन्मभर तोंड बघणार नाही, आणि नाही घेतला तर तोंड बघायला तो राहीलच असं नाही.

वहिनी पलंगावर चढली. नवऱ्याच्या मागे बसून तिनं त्याचं डोकं दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलं. "घ्या, ताई," ती म्हणाली. "लवकर घ्या. माझे हात सुटतील."

निकाल साहेबांनी फोनवर सांगितला. मामांच्या अंगात होता तो माणसांचाच साधा फ्लू. डुकरांत मात्र तो त्यांच्या स्वतःच्या फ्लूत मिसळला होता आणि त्यातून तिसराच, नवा विषाणू तयार झाला होता. हा नवा विषाणू भावाच्या अंगात निघाला. म्हणजे आजार मामांकडून डुकरांत गेला आणि तिथून रूप बदलून पुन्हा माणसांत, भावाकडे आला. हा विषाणू फाटकाबाहेर पसरू द्यायचा नव्हता.

भावाला घेऊन गाडी गेली. डुकरांना मारायला माणसं आली तेव्हा दोघी गोण्यांच्या खोलीत खिडकी लावून बसल्या. आधी आवाज सहन होईना. मग तो थांबला, तर ते त्याहून असह्य. वहिनीनं ताईचं मनगट असं काही आवळलं की बोटांचे वळ उठले.

भाऊ वाचला. मामाही वाचले. कुलूप निघालं. अहवाल छापला जाण्याआधी मामांना आपल्या तोंडानं सांगावं म्हणून ताई पुन्हा फार्मवर गेली. मामा रिकामी शेड धूत होते. धुण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी धूत होते.

"त्यांना सांगू नकोस," भाऊ हळूच म्हणाला. "म्हातारा खचेल."

पण मामांनी पाणी बंद करून सरळ तिलाच विचारलं, "ताई, माझ्यामुळे तर नाही ना झालं?"

खोटं बोलायला तिनं तोंड उघडलं, पण जमेना. "तुमच्याकडूनच गेला, मामा. पण तुम्हाला काय ठाऊक."

मामांनी मान हलवली. "ठाऊक कसं नाही? अंग तापलं होतं, खोकत खोकत आत जात होतो. सुट्टी मागायला जीभच रेटली नाही." मग भावाकडे वळून म्हणाले, "मागितली असती तर दिली असतीस का?"



"नसती दिली, मामा," भाऊ म्हणाला, आणि कोपऱ्यातला दुसरा झाडू उचलून त्यांच्या शेजारी पाणी लोटू लागला.