बारीक आवाज

पास्टरजींनी फॉर्मच्या पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं आणि ते उचललंच नाही.

“गुलाबभाई, ये ज़रा देखिए.”

गुलाब प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालत होता. भिलाईतल्या कोहक्याच्या त्या हॉलमधली रविवारची उपासना नुकतीच संपली होती, बाहेर स्कूटर सुरू होत होत्या, आणि त्याची मान अजून जरा ताठच होती. दहा मिनिटं बोलला होता तो आज, पालकांसमोर. मोबाईल म्हणजे घराचं दार, त्यातून कोण आत शिरतो ते बापानं बघायचं असतं, दुसरं कोणी येऊन बघणार नाही. लोकांनी माना हलवल्या होत्या. दोन बायकांनी डोळे पुसले होते. कशासाठी पुसले ते त्यालाही कळलं नव्हतं, पण बरं वाटलं होतं.

तो चर्चच्या कमेटीत, आणि फॉर्मची कल्पना त्याचीच. मुलांनी स्वतःच्या हातानं लिहायचं: क्या देखते हो, किसके साथ, हफ्ते में कितने घंटे. खाली आईबापानं निर्णय लिहायचा, चालू की बंद, आणि सही करायची. बत्तीस घरांचे फॉर्म त्यानं आठवडाभर वाचले होते. कोणाचा पोरगा मारामारीचे गेम खेळतो, कोणाची पोरगी कसल्या रील बघते, कोणत्या बापानं वाचल्याशिवाय सही ठोकली, सगळं त्याला पाठ होतं. स्वतःच्या घरचा फॉर्म गठ्ठ्याच्या तळाशी होता. तो त्यानं वाचला नव्हता. आपल्या घरात काय निघणार, असं त्याला वाटत होतं. दुसऱ्याच्या घरात टॉर्च मारत फिरणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरी अंधार असतो, आणि त्याला तो दिसत नाही, कारण टॉर्च नेहमी बाहेरच रोखलेला.

त्यानं वाकून पाहिलं. उन्नतीचं अक्षर. तेरा वर्षांच्या पोरीचं, गोल गोल.

क्या देखते हो: गम्मत. किसके साथ: आजी. हफ्ते में: चार घंटे.

बाकी सगळं हिंदीत, एक ‘आजी’ तेवढी घरची.

गुलाब हसला. “पास्टरजी, ये तो कुछ नहीं है. हमारे मराठी में गम्मत मतलब मज़ा. ऐसे ही, टाइमपास.”

“आपके मराठी में होगा.” पास्टरजींनी चष्मा काढला. “मैं बालोद साइड का आदमी हूँ. हमारे यहाँ गम्मत मतलब नाचा. मरद साड़ी पहन के स्टेज पे चढ़ता है, मटकता है, रात भर. बचपन में मैं खुद भाग-भाग के देखा हूँ, तभी बोल रहा हूँ.”

भाग-भाग के म्हणताना त्यांच्या तोंडावर एक जुनं पोरगं क्षणभर येऊन गेलं. मग त्यांनी चष्मा परत चढवला.

“मज़ा होता तो चार घंटे गिन के कौन लिखता है, गुलाबभाई? फैसले का खाना खाली है. आज तो आप ही बोले, दरवाज़ा बाप के हाथ में है. शाम की प्रार्थना में लेते आइए.”

स्कूटरवर उन्नती मागे बसली. सेक्टर दोन आला. क्वार्टरच्या वळणावर त्यानं मान न वळवता विचारलं,

“गम्मत म्हणजे काय गं?”

“पापा, आजी से पूछो ना.”

“मी तुले विचारून राहिलो.”

“आजीनंच सांगितलं आहे. बोली, पापा पूछे तो मेरे पास भेज देना.”

म्हणजे तयारी होती. आतून बाहेरून शिजलेलं होतं सगळं. गुलाबनं ब्रेक जोरात दाबला आणि पोरीची हनुवटी त्याच्या पाठीवर आदळली.

बायकोची, प्रणिताची, आज नर्सिंग होमला ड्यूटी होती, त्यामुळे घरात सिंधुताई एकट्याच. गुडघ्यांमुळे त्यांचं हॉलला येणं दोन वर्षांपासून बंद होतं. व्हरांड्यात खाटेवर बसून त्या पोपटीच्या शेंगा सोलत होत्या. मांडीवर परात, कानामागे पांढरी बट. गुलाबनं खिशातून फॉर्म काढला आणि त्यांच्यापुढे धरला, जणू त्यांना वाचताच येणार होतं.

“आई, तू पोरीले काय दाखवून राहिली?”

“मी काय दाखवनार बा? मले कुठं दिसते बरोबर. मी तं आयकते.”

“काय आयकते?”

“गंमत.”

“कोनती गंमत?”

सिंधुताईंनी शेंग दाबली. तीन दाणे परातीत पडले.

“तुह्या बापाची,” त्या म्हणाल्या.

बापाचं नाव हरिभाऊ. या घरात त्याचे दोन फोटो होते. एक भिलाईच्या पोलाद प्लँटच्या गेटपासवरचा, एक बाप्तिस्म्याच्या दिवसाचा, सगळ्या मंडळीबरोबर. दोन्हीत तोंड मिटलेलं. गुलाब सात वर्षांचा असताना काविळीनं गेला तो, आणि गुलाबजवळ त्याची राहिलेली मोठी आठवण म्हणजे तेच मिटलेलं तोंड. रविवारी शेवटच्या बाकावर बाप बसायचा, गीतांचं पुस्तक उघडं, बोट बरोबर ओळीवर, आणि ओठ शिवल्यासारखे. सगळा हॉल गायचा, हा एकटा गप्प. पोराला वाटायचं, बापाला गाता येत नाही. पुढे तोही गाईनासा झाला. आपल्या घरात गळाच नाही, असं तो लोकांना हसत सांगायचा. लहानपणी एकदा त्यानं आईला विचारलं होतं, बाबाचा आवाज कसा होता गं? बारीक होता, एवढंच ती म्हणाली होती. प्लँटमध्ये बापाबरोबर काम केलेला एक म्हातारा मात्र म्हणायचा, कायचा बारीक, हरिभाऊ बोलला तर भट्टीपलीकडे आयकू जाये. कोणाचं खरं धरायचं? त्यानं दोन्ही आवाज मनात लावून पाहिले होते, कित्येकदा. एकही त्या मिटलेल्या तोंडाला बसायचा नाही.

“बाबा गंमत करे?”

“नाच्या होता. बाई बने. खडी गंमत म्हनत आपल्या तिकडं. दिवाई झाली का मंडईची जत्रा, अन् मंडई म्हटली का हरिभाऊ. तिरोड्यापासून लोक बैलबंडीनं येत त्याले पाहाले.” सिंधुताईंचा हात चालूच होता. “भिलाईत आला तरी सुटलं नाई. ह्याच सेक्टरच्या मैदानात होये. मंग मी आजारी पडली, तुले मालूम आहे. प्रार्थनेनं उठली मी. ते मी नाकारत नाई. देवानं उठवलं मले. म्हनून त्यानं बाप्तिस्मा घेतला. पन तवाचा तो मंडळीचा पुढारी होता ना, वडील म्हनत त्याले, तो म्हने, ह्या गळ्याले नाचाचा वास येते. घुंगरू, गंगावन, लुगडं, सारं पोत्यात भरून आन. जाळलं. अन् शपथ घेतली का हा आवाज पुन्हा काढनार नाई.”

“मंग?”

“मंग काय? नाई काढला. खरा मानूस होता. चर्चमंदीही नाई काढला. त्याच्याजवळ गायचा दुसरा आवाजच नोहता.”

गुलाब पायरीवर बसला. बूट काढायचे राहिले होते.

“लुगडं माझं होतं ते,” सिंधुताई म्हणाल्या. “माझ्या माहेरचं, हिरवं. मले कोनी विचारलं नाई.”

उन्नती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं मध्येच सांगून टाकलं, अर्धं हिंदी अर्धं मराठी. उन्हाळ्यात आजीच्या माहेरी लग्न होतं, तिथे देवीदास आजोबा भेटले. ते हरिभाऊंच्या पार्टीत पेटी वाजवायचे. त्यांच्या घरी जुन्या कॅसेटी होत्या, आणि त्यांच्या नातीनं, भूमिकादीदीनं, त्या सगळ्या यूट्यूबवर टाकल्या. फोटो नाही, काही नाही, नुसता आवाज. एक कॅसेट भिलाईची होती.

“तुम्ही सेकंड शिफ्टला जाता ना, तेव्हा स्कूलसे आके मैं आजी को लगा देती. मैंने तो सच लिखा पापा. तुम्हीच बोलले होते, सच लिखने का.”

सच लिखने का. बत्तीस घरांपैकी खरं लिहिणारी ही एकच पोर निघाली असावी, आणि तिच्यावर बाप ओरडायला आला होता.

तरी त्याचा राग गेला नव्हता, फक्त त्याला तोंड सापडत नव्हतं.

“शपथ घेतली होती ना त्यानं? देवासमोर? अन् तू घरात लावून आयकते?”

“शपथ त्यानं घेतली होती,” सिंधुताई म्हणाल्या. “मी नाई घेतली.”

“मले कावून नाई सांगितलं? सहा महिने झाले!”

आता कुठे त्यांनी परात बाजूला ठेवली.

“तू कमेटीवाला मानूस. तू बंद लिहिशीन. मी म्हटलं, लिहीन तं लिहीन. तवरिक आयकून घेऊ. त्याले जाऊन एकोनचाळीस वर्सं झाली, गुलाब. मी तं विसरलीच होती का तो हसे कसा.”

शेजारच्या क्वार्टरमध्ये कोणीतरी मोरीत बादली आपटली. गुलाबच्या हातातला फॉर्म घामानं मऊ झाला होता.

“लाव,” तो म्हणाला.

उन्नतीनं फोन खाटेच्या काठावर ठेवला, शेंगांच्या सालांवर. आधी नुसती खरखर. मग पेटी, जरा बेसूर, आणि खूप लोक असल्याचा तो आवाज, खोकणं, कुजबुज, कोणाचं तरी बाळ. मग एक बाई गाऊ लागली.

*धनी माझा गेला बाई भिलाईच्या भट्टीले,*
*कोनासाठी लावू कुंकू कपाळाच्या पट्टीले…*

बाई नव्हतीच ती. बारीक, धारेसारखा, काठावर किंचित फाटलेला आवाज, शेवटच्या अक्षरावर लांबत जाणारा. गुलाबनं सिंधुताईंकडे पाहिलं. त्या भिंतीकडे बघत होत्या. नवरा भट्टीवर निघून गेलेली, गावात मागे राहिलेली बाई ती स्वतः होती. चार वर्षं तिनं वाट पाहिली होती, मग ती भिलाईत आली होती, आणि इथे तिचंच हिरवं लुगडं नेसून तिचा नवरा हजार माणसांसमोर तिची वाट पाहणं गात होता. पत्रात कधी एक ओळ लिहिली नाही गड्यानं. हे मात्र गाऊन ठेवलं.

लोक शिट्ट्या मारत होते. पाच मिनिटं, सात मिनिटं. गुलाब हलला नाही. ह्या बारीक आवाजाला त्यानं त्या मिटलेल्या तोंडावर बसवून पाहिलं. नाही बसला. सुंदर होता, पण तो लुगड्याचा आवाज होता, बापाचा नव्हता. इतक्या वर्षांनी मिळून मिळाला तो परक्या बाईचा आवाज. त्यानं फॉर्मची घडी घातली आणि उठायला गुडघ्यावर हात टेकला.

“थांब,” सिंधुताई म्हणाल्या.

गाणं एका शब्दाच्या मधोमध तुटलं. आणि त्याच गळ्यातून, भट्टीपलीकडे ऐकू जाईल असा, जाड, घरगुती, अगदी जवळचा आवाज आला:

“ए गुलाब! कोनं चढवलं रे ह्याले? उतर खाली, बाबू. पडशीन ना!”

सगळं मैदान हसलं. कोणीतरी ओरडलं, “माय बोलावून राहिली रे पोरा, जा ना जवळ!” पुन्हा हशा. त्या हशात तो जाड आवाजही हसला, मोकळा, पोट हलवून. मग पेटी सावरली, आणि जिथे शब्द तुटला होता तिथूनच बारीक आवाजानं पुढे उचललं.

उन्नती हळूच म्हणाली, “आजी हर बार यहीं पे रुकवाती.”

गुलाब अर्धा उठलेला तसाच होता. पायाखाली लाकडी फळ्या असल्यासारखा. समोर हिरवं काहीतरी, मोठं, घामाचा आणि पावडरीचा वास, आणि त्यातून खाली आलेले दोन केसाळ हात. हे खरंच आठवत होतं की आत्ताच तयार झालं होतं, ते त्याला सांगता आलं नसतं.

सिंधुताईंनी परात पुन्हा मांडीवर ओढली.

“मागं घे वं पोरी.”

उन्नती फोनकडे वाकली. तिच्याआधी गुलाबचा हात तिथे पोचला. त्याला ते करता येत नव्हतं, बोट जास्त सरकलं, गाणं पार सुरुवातीला गेलं, खरखरीपाशी. त्यानं ते तसंच चालू दिलं. पेटी सुरू झाली, तसे त्याचे ओठ जरासे हलले.

चार वाजता उन्नतीनं त्याला हळूच विचारलं, “पापा, शाम को फॉर्म देना है ना? मैं गम्मत काट दूँ? दूसरा कुछ लिख देती हूँ.”

“नको.”

त्यानं घडी उलगडून फॉर्म परातीच्या पाठीवर ठेवला आणि खिशातलं पेन काढलं. पास्टरजी वाचतील. पुढच्या रविवारी बत्तीस घरं विचारतील, आणि त्यांनी विचारायलाच पाहिजे. निर्णयाच्या चौकोनावर पेन थोडा वेळ थांबलं. मग ते वर सरकलं, ‘किसके साथ’च्या ओळीवर, पोरीच्या गोल अक्षरापाशी.

‘आजी’च्या पुढे त्यानं स्वल्पविराम दिला.