हॉस्टेलच्या अंगणात वाघ नव्हता

दामिनी शेवटी हॉस्टेलातच राहिली, आणि तेही चांगली मान वर करून. पण हे आपण ऐकलंच नाही असं समजू. कारण त्या शनिवारी ती बॅग भरून बसली होती आणि रडून रडून तिचं नाक वांग्यासारखं झालं होतं.

मोहर्लीजवळच्या जंगलातल्या गावातून ती चंद्रपूरच्या कॉलेजात आली, तेव्हापासून तिचं मनच लागत नव्हतं. पंखा फिरे, पण तलावाचा वारा येत नसे. भाजीत बटाटे असत, मासोळी नसे. शेवटी तिनं फोन लावला, "बाबा, मले न्याले या."

"उद्या येतो," तिचे बाबा इस्तारी म्हणाले. तलावात जाळं टाकणारा माणूस; ओढून आणायची त्यांना सवयच होती.

सांज झाली. न्हाणीघर अंगणापलीकडे, आणि तिथला दिवा गेलेला. दामिनी बादली घेऊन निघाली आणि अंधार पाहताच गावची सवय तोंडातून बाहेर पडली. तिच्या गावात दिवस मावळल्यावर तलावाकडे जाताना वाघाला आधी कळवावं लागतं. न सांगता समोर गेलेलं त्याला खपत नाही. तिनं बादली बडवली.

"होऽऽ! येऊन राह्यली वो राजाऽऽ! बाजूले होय!"

खटाखट खिडक्या उघडल्या. वॉर्डन मंजुषाबाई लाटणं घेऊन धावल्या. "कुठी हाय चोर?"

"चोर नाई मॅडम. वाघासाठी वरडली."

"वाघ? इथी?"

"दिसला का तुमाले? नाई ना? म्हंजे हाक लागू पडली."

मंजुषाबाईंनी तरी अंगणाचे चारही कोपरे पाहून घेतले. खिडक्या खदखदून हसल्या. दामिनीला वाटलं, उद्याची वाट कशाला, आत्ताच पायी निघावं.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून आलं, "होऽऽ!" ती एटापल्लीकडची रोशनी. आल्यापासून कोणाशी धड बोललीही नव्हती. मग जिन्यातून एक हाक, मग मेसच्या ओट्यावरून. सगळ्या जंगलातल्या पोरी, सगळ्या उशीत तोंड खुपसून रडणाऱ्या! दामिनीची रूममेट सायमा वरोऱ्याच्या कापडवाल्याची. तिनं वाघ फक्त कॅलेंडरवर पाहिलेला; पण तिनं अशी हाक मारली की गल्लीतली कुत्री उठून दुसऱ्या वॉर्डात गेली.

सकाळी इस्तारी गाडी घेऊन हजर. "चाल, बस."

"बाबा, आज नाई जमत. सायमाची हाक नाकातून निंगते. शिकवा लागते तिले."

"मंग मी काऊन आलो?"

"मासोळी आनली ना?"

आणली होती. डबा पोरींनी पुसून खाल्ला. मंजुषाबाईंनी दोन तुकडे 'तपासणीसाठी' ठेवून घेतले. इस्तारी रिकामा डबा घेऊन, शीळ घालत, एकटेच परतले.

सोमवारी प्राचार्यांच्या टेबलावर अर्ज होता, खाली अख्ख्या हॉस्टेलच्या सह्या:

"महोदय, दिवाळीच्या सुट्टीत घरी गेल्यावर आम्हांस हॉस्टेलची आठवण येऊन अभ्यासाचे नुकसान होण्याची दाट शक्यता आहे. तरी सदर इमारत, मंजुषाबाईंसह, सुट्टीपुरती दामिनीच्या गावच्या तलावाकाठी हलविण्यात यावी, ही नम्र विनंती."