चार वाजता उघडणारं पान

वहिनीने ‘वगळलेली कामे’ या मथळ्याखालची शेवटची ओळ पुसली, पुन्हा होती तशीच लिहिली आणि फोन कानाला लावला.

“मास्तर, ही ओळ राहणार.”

ज्या संगणकभाषेचं हे काम चाललं होतं, ती मुळात मास्तरांनी लिहिली होती. आता देशोदेशीचे लोक ती फुकट वापरत आणि फुकटच घडवत. पुढे काय घडवायचं ते मात्र मास्तर, वहिनी आणि आणखी दोघं आपसांत ठरवत. बाकीच्यांना नवी आवृत्ती हातात पडली की कळे. हे बंद करा म्हणून वहिनी मास्तरांशी किती वेळा भांडली असेल, कोण जाणे. आज चार वाजता पुढच्या आवृत्तीचं नियोजन पहिल्यांदाच सगळ्यांसमोर येणार होतं. काय घेतलं, काय वगळलं, कधी ठरलं, नको कोण म्हणालं, सगळं.

“घेतलेलं दाखव की,” मास्तर म्हणाले. “वगळलेलं कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“मूठ उघडायची म्हणूनच तर एवढा आटापिटा केला ना?”

“बरं बाई. मग निदान दिराच्या कानावर तरी घाल. एका टेबलावर जेवता तुम्ही.”

“नाही. कोणालाच आधी कळणार नाही, हा नियम मीच घातलाय.”

फोन ठेवते तोच दीर दोन ताटं घेऊन आला. या कामाची गोडी त्याला वहिनीनेच लावली होती. भाषेला एका वेळी अनेक कामं करता यावीत, एवढ्या एकाच गोष्टीमागे तो वर्षभर हात धुऊन लागला होता. पण त्याच्या बदलाने लोकांचे जुने प्रोग्राम मोडले असते. दोन महिन्यांपूर्वी चौघांच्या बैठकीत पहिला नकार वहिनीचाच होता. आज विचारलं असतं तरी ती नकोच म्हणाली असती.

“शेवटची चूक सापडली सकाळी,” दीर म्हणाला. “गंगेत घोडं न्हालं एकदाचं!”

“जेवा आधी, भाऊजी.”

“आज कोणाकोणाचं नशीब उघडणार, मला तरी सांग. घरचा माणूस ना मी?”

“चारला कळेल.”

“अगं, मूग गिळून काय बसलीस!”

तो हसला. वहिनीने भरलेल्याच पेल्यात पाणी ओतलं. ते टेबलभर पसरलं, आणि त्यानेच उठून फडक्याने पुसून घेतलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चारला पान उघडलं. समोर बसून तो वाचू लागला. त्याचं बोट भराभर खाली सरकत होतं, मग एके ठिकाणी थांबलं. शेवटी त्याने काहीतरी टाइप केलं.

तिच्या पडद्यावर, पानाच्या तळाशी, जगाला दिसेल असा पहिला प्रश्न उमटला. खाली त्याचं नाव होतं.

‘हे दोन महिन्यांपूर्वी ठरलं होतं. मी तेव्हापासून रोज काम करतोय. मला थांबवलं का नाही?’

“भाऊजी,” तिचा आवाज चिरकला, “अहो, मला रोज वाटायचं की...”

“इथे नको, वहिनी.” त्याने मान वर केली नाही. “तिथे लिही. सगळे वाट बघतायत.”