पित्ताचं निमित्त

चौऱ्याऐंशी साली अंबरनाथच्या फॅक्टरी क्वार्टर्समध्ये शेजारच्या गयाबाई चहाला बोलवायच्या, तेव्हा कुमुदिनीबाई दारातूनच म्हणायच्या, "नको हो, मला चहानं पित्त होतं." बौद्धांच्या घरचं पाणीसुद्धा त्यांच्या घशाखाली उतरत नसे. कीर्तनात बुवांनी सगळ्यांत देव एकच म्हटलं, की डोळ्यांना पदर मात्र त्यांचाच आधी लागायचा.

गयाबाईंनी ते पित्त खरं मानलं. कधी धने-जिऱ्याचा काढा केला, कधी पुदिन्याचा. त्या वासानं कुमुदिनीबाईंच्या तोंडाला पाणी सुटलं, तरी "आत्ताच जेवले" म्हणून त्या दारातूनच परतल्या.

शेवटी गयाबाई गवती चहाचं रोपच घेऊन आल्या. "ताई, कुंडीत लावा. पानं उकळून प्या, पित्ताला बरं."

तेवढ्यात आतून यजमान ओरडले, "अगं, तुझा तिसरा चहा निवतोय!"

गयाबाईंनी रोप खाली ठेवलं. "म्हंजे पित्त आमच्याच कपानं होतं होय, ताई?"

कुमुदिनीबाईंची मान वर होईना. "चला, तुमच्याकडे येते," त्या कशाबशा म्हणाल्या. "दुधाचाच करा."

"आज नको," पायऱ्या उतरत गयाबाई म्हणाल्या. "दूध नासलंय."

ते खोटं होतं, पण तसं म्हणायला कुमुदिनीबाईंना तोंड उरलं नव्हतं.