इंदुमतीबाईंचा डेमो

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी इंदुमतीबाईंना शाळेतून फोन आला, आणि त्यांनी तो पहिल्या रिंगलाच उचलला. त्या वारल्या होत्या, पण सवय गेली नव्हती. "हो, येते मी," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि कपाटातलं निळं इरकल काढून नेसायला घेतलं.

त्यांच्या लेकीला, अश्लेषाला, याचं नवल वाटलं नाही. आदल्या दिवशी नदीकाठी पिंडाला कावळा शिवत नव्हता. दत्तूमामाने सगळं कबूल करून पाहिलं होतं. आक्का, पोरीचं लग्न मी लावून देतो. आक्का, बार्शीचं घर विकत नाही. आक्का, माझी तंबाखू आजपासून बंद. कावळे फांदीवर बसून ऐकत राहिले, मामाला ओळखत असल्यासारखे. ऊन चढलं. गुरुजींना पुढे आणखी एक दहावं होतं, ते चुळबुळ करायला लागले. शेवटी अश्लेषा दात आवळून म्हणाली, "आई, ती शाळा तुला घेईल." त्याबरोबर एक कावळा खाली उतरला. माहीत होतं तर आधी बोलायचं की गं, उगाच उन्हात उभं केलंस, असं मामा वाटेत दोनदा म्हणाला.

माहीत तर होतंच. आईने बार्शीला नगरपालिकेच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं होतं. निवृत्त होऊन पुण्याला लेकीकडे आल्यावर तिने टेकडीवरच्या या इंटरनॅशनल शाळेत अर्ज केला. मुलाखतीत ती 'पानी' म्हणाली, तेव्हा समोरच्या बाई गोड हसल्या आणि आम्ही कळवतो म्हणाल्या. आईला ते खरंच वाटलं. उन्हाळाभर फोन ओट्यावर ठेवून ती भाकऱ्या थापत होती आणि पिठाच्या हातांनी उचलत होती. कर्ज हवं का विचारणाऱ्या पोरींशीही ती उभी राहून बोलायची. शाळेने कधी कळवलं नाही.

अश्लेषा तिच्याबरोबर गेली ती भांडायचं ठरवूनच.

शाळेचा कॉरिडॉर लांब होता, आणि चालावं तसा आणखी लांबत होता. भिंतीवर जगातल्या सगळ्या भाषांमध्ये नमस्कार लिहिलेला होता. मराठी यायच्या आधीच कॉरिडॉर वळला. टोकाच्या वर्गात त्याच बाई बसल्या होत्या. मला नुसतं पल्लवी म्हणा, इथे आम्ही सगळे फर्स्ट नेमने बोलावतो, असं त्यांनी आईला सांगितलं.

"आई वारली आहे," अश्लेषा म्हणाली.

"हो, कळलं. सो सॉरी," पल्लवी म्हणाल्या. "पण त्याची अडचण नाही. वयाची अट फक्त जिवंत उमेदवारांना आहे."

आता डेमो द्यायचा होता, म्हणजे पल्लवींसमोर एक धडा शिकवून दाखवायचा. मुलांना सुट्टी होती, फक्त शिक्षक येत होते, म्हणून पल्लवींनी अश्लेषाला पहिल्या रांगेतल्या एका छोट्या पिवळ्या खुर्चीत बसवलं. आई फळ्यापाशी गेली आणि तिने हवेतच एक भाकरी धरली.

"अर्धी तुला, अर्धी मला," ती म्हणाली. "आता माझ्यातली अर्धी परत तुला दिली. माझ्याकडं किती उरली?"

"पाव," अश्लेषा म्हणाली.

"शाब्बास. आनि मी देतच राहिले तर?"

अश्लेषाला उत्तर येत होतं.

पल्लवींनी टाळ्या वाजवल्या. लव्हली, किती नॅचरल, फक्त तो ॲक्सेंट तेवढा, त्या म्हणाल्या. आईने लगेच तोंडात दोन बोटं घातली, दाढेत अडकलेली सुपारी काढावी तसा उच्चार काढला, पदराला पुसला आणि अश्लेषाकडे दिला. "होल्ड धिस, प्लीज," ती म्हणाली. आवाज विमानतळावरच्या सूचनेसारखा गुळगुळीत होता. अश्लेषाच्या तळहातावरचा उच्चार गरम होता आणि किंचित हलत होता.

नाव लांब होतं. इंडी चालेल का, असं पल्लवींनी विचारलं. आईने नावाचा उरलेला भाग हातातल्या बांगडीसारखा सोडवून काढला, तोही अश्लेषाच्या मांडीवर आला. मग नगरपालिकेची वर्षं मांडीवर आली. त्यांचा अनुभव इथे धरता येत नव्हता. ती वर्षं ओल्या सतरंजीसारखी जड होती आणि त्यांना खिचडीचा आणि खडूचा वास येत होता. अश्लेषाने उठायचा प्रयत्न केला. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

"आई, चल. आपण घरी जाऊ."

आई फळा पुसत होती.

"ती जिवंत होती तेव्हा तिला का नाही घेतलंत?" अश्लेषाने विचारलं. तिला ओरडायचं होतं, पण त्या खुर्चीत बसून आवाज बारीकच येत होता.

"तेव्हा त्या फिट होत नव्हत्या," पल्लवी मायेने म्हणाल्या.

"आणि आता?"

"आता किती फ्लेक्सिबल झाल्यात, बघ ना."

मग त्यांनी आईला शेवटचं विचारलं. घरी कोणी अवलंबून आहे का? आईने अश्लेषाकडे पाहिलं. नव्या वर्गातल्या मुलाचं नाव आठवावं तसं, सौजन्याने, बराच वेळ पाहिलं.

"नो," ती म्हणाली.

पल्लवींनी तिचा हात हातात घेतला आणि वेलकम म्हणाल्या.

शाळा सुटली. वॉचमनने अश्लेषाला खुर्चीतून उचलून फाटकाशी उभं केलं. तुला न्यायला कोण येणार बाळा, असं त्याने विचारलं. "ती काय, ती," अश्लेषा म्हणाली, पण हात भरलेले असल्यामुळे तिला बोट दाखवता येईना. वॉचमनने बरं म्हटलं आणि शिक्षकांच्या बससाठी फाटक उघडलं. आई खिडकीत बसली होती. तिने वॉचमनला हात केला, कापून गोल केलेल्या झाडांना केला, रिकाम्या मैदानाला केला, आणि तसाच, तेवढाच, अश्लेषाला केला.

बस फाटकातून हळूहळू बाहेर पडत होती. मागे धावायचं तर हातातलं सगळं खाली टाकावं लागणार होतं.